सप्लाय जळाला की मशीनला शिव्या, लाईन मात्र कोणी मोजायची नाही!

बिडकीनकरांनो, पोस्ट मोठी आहे. पण ज्याच्या घरी दोन-तीन वर्षांत टीव्ही, फ्रिजचं कार्ड, इन्व्हर्टर, बोअरचा स्टार्टर नाहीतर कॉम्प्युटरचा एसएमपीएस उडालाय, त्याने शेवटपर्यंत वाचावी. दुरुस्तीच्या धंद्यात आहे, म्हणून जे टेबलावर दिसतं तेच लिहितोय.

विषय निघाला बिटकॉइन मायनिंगच्या मशीनवरून. जुनं, वापरलेलं मशीन. त्याचा पॉवर सप्लाय जळाला, दुसरा आणला, तोही जळाला, तिसरा घेऊन पोरगं दुकानात आलं. ज्याने मशीन विकलं तो फोनवर म्हणतो, "तुमच्याकडची लाईनच खराब, वॉरंटी नाही." लाईनची तक्रार करायला गेलं तर उत्तर, "असलं जुगाराचं मशीन लावल्यावर जळणारच की." दोघांनी आपापले हात झटकले. पैसे गेले पोराचे. आणि दोघांपैकी एकानेही मल्टीमीटर बाहेर काढला नाही.

माझं भांडण तेवढ्यावर आहे. मोजायचं नाही, लिहून ठेवायचं नाही, आणि ज्याचं जळालं त्यालाच दोषी ठरवून मोकळं व्हायचं. ही सवय आता बंद झाली पाहिजे.

आधी बिटकॉइनचं बोलून घेऊ, म्हणजे कमेंटमध्ये कोणी मला एजंट म्हणायला नको.

मी कोणालाही मायनिंग करा म्हणत नाही. हिशोब बघा. अँटमायनर एस ९ हे २०१६ साली आलेलं मशीन आजही सेकंडहँडमध्ये फिरतंय. ते साधारण १३५० वॅट खातं. चोवीस तास चाललं तर दिवसाला ३२ युनिट. युनिटला १० रुपये धरले तरी ३२० रुपये रोजचे. एप्रिल २०२४ मध्ये बिटकॉइनच्या दर ब्लॉकचं बक्षीस अर्ध्यावर, म्हणजे ३.१२५ वर आलं. त्यानंतर हे मशीन दिवसाला एक डॉलरसुद्धा कमवत नाही. वर १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या उत्पन्नावर ३० टक्के कर. मायनिंगच्या यंत्रणेचा खर्च त्यातून वजा होत नाही, असं सरकारने त्याच वर्षी संसदेत सांगितलंय. मग धंदा कुठे आहे? धंदा आहे मशीन विकणाऱ्याचा. चीनने २०२१ मध्ये मायनिंग बंद केलं तेव्हा तिथली जुनी मशीनं ढिगाने बाजारात आली. दुसऱ्याने वापरून काढलेला माल 'पॅसिव्ह इनकम' म्हणून आपल्या गळ्यात घालायला सोपा.

आणि 'मायनिंग' या शब्दाने महाराष्ट्र एकदा फसलाय. अमित भारद्वाजचं 'गेन बिटकॉइन' आठवा. दरमहा १० टक्के, १८ महिने. पैसे टाका, आमची मशीनं मायनिंग करतील. पुणे, नांदेडमध्ये गुन्हे दाखल झाले, २०१८ मध्ये अटक झाली, जानेवारी २०२२ मध्ये तो माणूसच गेला. डिसेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळी प्रकरणं सीबीआयकडे दिली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने देशभर ६० च्या वर ठिकाणी छापे टाकले, त्यात नांदेड आणि कोल्हापूर होतं. लोकांचे पैसे अजून अडकलेलेच.

एक इशारा शेतातल्या लाईनवर मशीन लावायचा विचार करणाऱ्यांना. साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपाला वीज मोफत आहे म्हणून कोणी तिथे असलं काही लावलं, तर वीज कायदा २००३ चं कलम १२६ आहे. ज्या कामासाठी जोडणी घेतली ते सोडून दुसऱ्या कामाला वीज वापरली तर दुप्पट दराने आकारणी होते. आकडा टाकून चालवलं तर कलम १३५, सरळ वीजचोरी. शेजाऱ्याच्या उसाच्या वाट्याची वीज खाऊन कोणी डॉलर कमवायला निघाला तर मी त्याच्या बाजूने नाही.

झालं. आता मुद्द्यावर येतो.

मशीन चांगलं की वाईट हा प्रश्न वेगळा आणि लाईन चांगली की वाईट हा वेगळा. जोडणी कायदेशीर असेल, मंजूर भारात असेल, बिल भरलेलं असेल, तर प्लगमध्ये २३० व्होल्ट आले पाहिजेत. पुढे त्यावर बिटकॉइन चालतो की पिठाची गिरणी, हे बघून व्होल्टेज कमी-जास्त होत नसतं.

उलट हे मायनिंगचं मशीन लाईनचं पितळ लवकर उघडं पाडतं. आपला टीव्ही दिवसात चार तास चालतो, फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू-बंद होतो. हे मशीन रात्रंदिवस फुल लोडवर. म्हणून लाईनमधला जो दोष तुमच्या फ्रिजला तीन वर्षांनी मारणार आहे, तो याला तीन महिन्यांत मारतो. दोष तोच आहे. तोच दवाखान्यातल्या लसीच्या फ्रिजला लागतो, तोच एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या ऑक्सिजन मशीनला लागतो. तिथे पण "जुगाराचं मशीन" म्हणणार का?

कमी व्होल्टेजने नेमकं काय होतं? आपल्याकडे समज असा की व्होल्टेज जास्त आलं तरच वस्तू जळते, कमी आलं तर फक्त बल्ब डिम होतो. जुन्या पिवळ्या बल्बचं ते खरं होतं. आजच्या एसएमपीएसचं उलट आहे. त्याला आतून ठरलेले वॅट द्यायचेच असतात. व्होल्टेज कमी झालं की तो करंट जास्त ओढतो. १४०० वॅटचा सप्लाय २३० व्होल्टवर ६ अँपिअर घेतो, १७० व्होल्टवर ८ च्या वर जातो. आणि वायर, पिन, पार्ट गरम होतात ते करंटच्या वर्गाने. म्हणजे उष्णता पावणेदोन पटीपेक्षा जास्त. प्लगची पिन वितळते, टॉप काळा पडतो, आतले पार्ट शिजतात. आपण म्हणतो, "काय राव, लाईट तर डिम होती, तरी कसं जळालं?" डिम होती म्हणूनच जळालं.

आता दोष शोधायचा कसा ते सांगतो. हे फक्त मायनिंगला नाही, कोणत्याही महागड्या वस्तूला लागू आहे. आणि क्रम महत्त्वाचा. नवीन सप्लाय आणणं ही शेवटची पायरी आहे, आपण तिथूनच सुरुवात करतो.

पहिलं, प्लगवरचं व्होल्टेज मोजा, आणि मशीन चालू असताना मोजा. बंद असताना २२५ दाखवणारा पॉइंट लोड पडल्यावर १९५ वर येतो. पहाटे, दुपारी, संध्याकाळी सात ते नऊ, आणि शेतीची थ्री फेज येते त्या वेळी, असं चार वेळा मोजा. सात दिवस. वहीत तारीख, वेळ, आकडा. एवढंच.

दुसरं, मीटरजवळचं व्होल्टेज आणि प्लगवरचं व्होल्टेज एकाच वेळी बघा. नव्या मीटरच्या डिस्प्लेवर आकडा फिरत येतो. येत नसेल तर परवानाधारक वायरमनकडून मोजून घ्या, स्वतः मीटरमध्ये हात घालू नका. मीटरला २२५ आणि प्लगला २००, तर दोष तुमच्या घरातल्या वायरिंगचा, त्यासाठी कोणाशी भांडू नका. मीटरलाच १९० असेल तर दोष बाहेरचा. इतकी साधी ही वाटणी आहे, आणि नेमकी हीच कोणी करत नाही. त्यामुळे "तुमचं वायरिंग बघा" हे उत्तर वर्षानुवर्षं खपतं.

तिसरं, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज. दोन-तीन असेल तर ठीक. दहा-पंधरा दिसलं तर न्यूट्रल कुठेतरी ढिला आहे किंवा अर्थिंग सुकलंय. घरातलं अर्थिंग आधी बघा. ते चांगलं असूनही आकडा तोच राहिला तर डीपीकडे बघा. डीपीवर न्यूट्रल तुटला की एका फेजवाल्यांकडे लाईट डिम आणि दुसऱ्या फेजवाल्यांकडे ३०० च्या वर व्होल्टेज, अशी अवस्था होते. एका रात्रीत गल्लीतले पाच टीव्ही जातात ते यामुळे. पाचही टीव्ही एकाच वेळी खराब निघायला ते काय जुळे भाऊ आहेत?

चौथं, प्लग आणि वायर. एस १९ प्रोसारखं मोठं मशीन ३२५० वॅट घेतं, म्हणजे २३० व्होल्टवर १४ अँपिअर, आणि तेही न थांबता. साध्या एक्सटेंशन बोर्डावर ते लावणं म्हणजे घराला आग लावायची तयारी. त्याला वेगळी चार चौरस मिमीची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी, चांगला पॉवर पॉइंट लागतो. आणि हे मशीन २०० ते २४० व्होल्टसाठी बनवलेलं आहे. संध्याकाळी २०० च्या खाली जाणाऱ्या लाईनवर ते टिकणारच नाही, सप्लाय कितीही बदला.

पाचवं, जळालेला सप्लाय स्वतः साक्ष देतो. पण हे ज्याला येतं त्यानेच करावं. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टच्या आसपास राहू शकतात, जीव जाऊ शकतो. फ्यूजशेजारची ती गोल चकती, एमओव्ही, फुटून काळी झाली असेल तर बहुतेक जास्त व्होल्टेज येऊन गेलं. चकती शाबूत आणि मॉस्फेट शॉर्ट असेल तर कमी व्होल्टेज, वारंवार ये-जा, नाहीतर उष्णता यांच्यावर संशय. कपॅसिटर फुगले असतील तर उष्णता आणि वय. पंख्यात कापसाचा भुसा आणि धूळ अडकली असेल तर वीज कंपनीला शिव्या घालू नका, ब्लोअर मारा. काहीच जळालं नाही, फक्त संध्याकाळी बंद पडून रात्री अकराला आपोआप चालू होतं, तर सप्लाय चांगला आहे. तो कमी व्होल्टेजला स्वतःला वाचवतोय.

चितेगावच्या व्हिडिओकॉनमध्ये आपल्या भागातल्या किती माणसांनी काम केलं. हे असं तपासणारे हात आपल्याकडे कमी नाहीत. कमी आहे ती तपासलेलं कागदावर लिहायची सवय.

मग लोक म्हणतात, "भाऊ, एवढं कशाला? स्टॅबिलायझर लावून टाका." लावा, मी पण विकतो. पण तो काय करतो ते समजून घ्या. लाईनला १७० आलं की तो तुम्हाला २३० करून देतो, आणि त्यासाठी लाईनमधून जास्त करंट ओढतो. लाईन आधीच दमलेली, आता आणखी दमली. शेजारच्या काकांच्या घरी १७० चं १६० झालं. मग काका स्टॅबिलायझर आणतात. पुढच्या घरी १५०. हे बोअरसारखं आहे. एकाने दोनशे फूट घेतला, दुसऱ्याने चारशे, तिसऱ्याने सहाशे. पाणी वाढलं का? ज्याच्याकडे पैसा त्याला थोडे दिवस जास्त मिळालं, बाकीच्यांचं आटलं. सगळ्यांच्या लाईनचा दोष आपण घरोघरी आपापल्या खिशातून भरतोय आणि त्याला उपाय म्हणतोय.

आता आपल्याही बाजूचं बोललं पाहिजे. १०० केव्हीएच्या डीपीचा पूर्ण लोड म्हणजे एका फेजमागे साधारण १३३ अँपिअर. मंजूर भार न वाढवता कोणी एस १९ चं एक मशीन लावलं, तर त्या फेजचा दहावा हिस्सा त्या एकाच घराने खाल्ला, चोवीस तास. अशी तीन लागली तर त्या फेजवरच्या बाकी घरांनी काय करायचं? तेच शेतातल्या ऑटो स्विचचं. लाईन आली की सगळ्या मोटारी एका क्षणात उठतात, सुरुवातीला प्रत्येक मोटार कितीतरी पट करंट घेते, आणि डीपी तिथेच बसते. महावितरण वर्षानुवर्षं सांगतं, ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा. हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे, आणि आपण ऐकत नाही. जळालेली डीपी उतरवायला ट्रॅक्टर आपणच लावतो, वर्गणी आपणच काढतो, पण दोनशे-तीनशेचा कपॅसिटर लावायला आपला हात जड होतो.

पण म्हणून दुसऱ्या बाजूची जबाबदारी संपत नाही. वीज नियामक आयोगाच्या नियमांत घरगुती लाईनला २३० च्या ६ टक्के वर-खाली एवढीच सूट आहे. म्हणजे २१६ ते २४४. ग्रामीण भागात जळालेलं रोहित्र ४८ तासांत बदललं पाहिजे. वीज कायद्याचं कलम ५७ सांगतं की ठरलेला दर्जा पाळला नाही तर कंपनी ग्राहकाला भरपाई द्यायला बांधील आहे. कलम ४२ प्रमाणे तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे. हे सगळं कागदावर आहे. पण मंचासमोर गेल्यावर पहिला प्रश्न येणार, पुरावा काय? आणि आपल्याकडे पुरावा म्हणजे जळालेलं कार्ड आणि चढलेला आवाज.

आता आपल्याच शिवारात बघा. २९ सप्टेंबर २०२४ ला बिडकीन औद्योगिक क्षेत्राचं लोकार्पण झालं. ७,८५५ एकर. टोयोटा किर्लोस्कर, जेएसडब्ल्यू, एथर, लुब्रिझोल अशी नावं आली. तिथे वीज जमिनीखालच्या केबलने. चांगलंच आहे, पोरांना काम मिळेल, माझा विरोध नाही. पण तिथे एखाद्या कारखान्याला व्होल्टेज कमी आलं तर काय होतं? त्यांच्या पॅनलवरचं मीटर सेकंदासकट नोंद ठेवतं. त्यांचा इंजिनिअर ग्राफ काढतो, मेल करतो, आणि ग्राफला "तुमचा लोड जास्त असेल" असं तोंडी उत्तर देता येत नाही. ज्यांच्या जमिनी त्या ७,८५५ एकरांत गेल्या त्यांच्या घरी मात्र संध्याकाळी डिम लाईट आली तर नोंद कुठेच नाही. कारखाना रीडिंग घेऊन बोलतो, आपण वैतागून बोलतो. फरक पैशाचा आहेच, पण निम्मा फरक नोंदीचा आहे. आणि नोंद ठेवायला दोनशे-तीनशे रुपयांचा मल्टीमीटर आणि दहा रुपयांची वही पुरते.

दुसरी गोष्ट, स्मार्ट मीटर. लोक बिलासाठी भांडतायत, भांडा. पण हे मीटर युनिटसोबत व्होल्टेजचीही नोंद ठेवतं, कमी-जास्त झालं तर ती घटना तारीख-वेळेसह साठवतं. म्हणजे तुमच्या घराला कधी १८० आलं, कधी २७० आलं, हे आता कंपनीला माहीत असू शकतं. आकडे आपल्या घरातले, मीटर आपल्या भिंतीवर, मग ते फक्त वसुलीला का वापरायचे? दर्जा सिद्ध करायला का नाही?

म्हणून मागणी एकच, आणि ती साधी आहे. बिडकीन आणि आजूबाजूच्या वाड्या-तांड्यांवरच्या प्रत्येक डीपीचं कमीत कमी आणि जास्तीत जास्त व्होल्टेज, तिन्ही फेजचा लोड, आणि न्यूट्रल-अर्थिंग शेवटचं कधी तपासलं ती तारीख, हे दर महिन्याला वीज कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर लावा. जास्त पैसा लागत नाही. लाईनमन मंडळींवर ओझं पडेल असं कोणी म्हणेल. ती माणसं आधीच कमी आणि जीव धोक्यात घालून काम करतात, हे मान्य. पण नोंद असली की त्यांचंही भलं आहे. ओव्हरलोड डीपीचा कागद वर गेला तर नवीन रोहित्र मंजूर होईल. आज वर कागदच जात नाही, खाली लाईनमन शिव्या खातो.

आणि तोपर्यंत आपण काय करायचं? प्रत्येक गल्लीत एकाने, एका डीपीवर निदान तीन घरांत, तिन्ही फेजवर, सात दिवस रीडिंग घ्यायचं. २१६ च्या खाली किंवा २४४ च्या वर आकडा आला की १९१२ वर तक्रार नोंदवायची आणि तक्रार क्रमांक वहीत त्याच ओळीत लिहायचा. तोंडी सांगून परत यायचं नाही. दुकानातून जळालेली वस्तू परत घेताना दुरुस्तीवाल्याकडून काय जळालं आणि कशाने जळालं असं दोन ओळींत लिहून, तारीख टाकून घ्या. माझ्याकडून कोणीही मागा, देईन. असे वीस कागद एकाच डीपीचे जमले की मंचासमोर "मशीन खराब होतं" हे उत्तर टिकणार नाही.

वीज फुकट कोणी मागत नाही इथे. बिल भरतो त्या मालाचं वजन बघायचं म्हणतोय. किराणा दुकानात काटा बघून घेतो ना आपण? मग विजेचा काटा बघायला लाज कसली?

कमेंटमध्ये राजकारण नको. आज संध्याकाळी आठ वाजता तुमच्या प्लगवर किती व्होल्ट होते, तेवढा आकडा आणि डीपी कुठली ते टाका. पटलं तर गावाच्या ग्रुपवर शेअर करा.